पाठीमागचा माणूस

इसरूने सागाच्या बुंध्याला तळहात टेकवला आणि मिस्त्रीच्या ओठांवरून नजर हलू दिली नाही. गुलाम रसूल मिस्त्री बल्लारपूरहून यंत्राची करवत घेऊन धानोऱ्याच्या जंगलात आला होता. दातांची साखळी असलेलं, पेट्रोल पिणारं ते धूड बघायला झाडं तोडणारे सगळे गोळा झाले होते.

"जिकडं पाडाचं तिकडून आधी खाच मारा. मग मागून कापा, खाचेच्या जरा वर. आरपार नाई जायचं, मधात लाकडाची पट्टी ठेवा. तिच्यावरच झाड वळते. अन् कडकडलं का सरळ मागं नाई, तिरपं पळा."

कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या करवतीने इसरूने जन्मभर हेच केलं होतं. तो अडला 'कडकडलं'पाशी. गेल्या साली तापाने त्याचे कान नेले होते. ओठ वाचून तो वेळ मारून नेत होता. जंगलखात्याच्या नाकेदाराला कळलं, तर तोडीवरून कायमचा हाकलला जाणार, आणि झाडं पाडण्यावाचून बिचाऱ्याला दुसरं काही येत नव्हतं.

मिस्त्रीने यंत्राची दोरी खेचली. भलेभले कानांवर हात ठेवून मागे सरले. इसरू तेवढा जागचा हलला नाही. मिस्त्री खूश झाला. यंत्र बंद करून म्हणाला,

"हाच चालवन. पण याच्या आवाजात कडकड ऐकू येत नाई. पाठीत बांबू टोचाले मागं एक माणूस लागते."

हातकरवतीचं दुसरं टोक धरणारा इसरूचा जोडीदार लच्छू पुढे झाला. इसरूच्या अगदी समोर उभा राहून त्याने ओठ हलवले,

"सालभर तेच त करून राह्यलो तुह्यासाठी."

शेजारच्या मिस्त्रीने मानही वळवली नाही. लच्छूने आवाज काढलाच नव्हता.

म्हणजे त्याला माहीत होतं! झाड पडण्याआधीच करवतीची आपली मूठ सोडून देणारा हा लच्छू. करवत सैल पडली की इसरू बाजूला व्हायचा आणि वर चारचौघांत त्यालाच भित्रा म्हणायचा. लच्छू हसून घ्यायचा. इसरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिला साग नीट पडला. बांबू पाठीला लागताच इसरू तिरपा निघाला होता. धुरळा बसल्यावर त्याने यंत्र लच्छूच्या हाती दिलं आणि बांबू मागितला.

लच्छू घुटमळला.

"शेंडा पाह्यतो मी, हलला का टोचतो," इसरू म्हणाला. "या आवाजात आता तू बी बहिराच."

लच्छूने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग दोरी खेचली, त्याच्याकडे पाठ केली आणि वाकून पुढचं झाड कापायला लागला.