वरून खाली

शाळेत शंभर पोरांना रसायनशास्त्र शिकवते मी, आणि माझ्याच लेकीच्या डोक्यात हॅलोजन काही शिरत नाहीत. "आयोडीनचा अणू मोठा, म्हणजे तेच जास्त क्रियाशील," ती तिसऱ्यांदा म्हणाली. माझं डोकंच फिरलं. टेबलावर वही आपटून मी ओरडले, "किती वेळा सांगू? फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन! वरून खाली येताना क्रियाशीलता कमी होत जाते!"

ती माझ्या बोटावरच्या जुन्या वणाकडे बघत म्हणाली, "आजोबा अभ्यास घेताना तुला पट्टीनं मारायचे ना? तू नुसती ओरडतेस."

"मग?"

"मग मी माझ्या मुलीवर ओरडणारसुद्धा नाही. बरोबर ना, आई?"

दिवसभरातलं तिचं हे पहिलंच बरोबर उत्तर होतं.