मळ्यातली भेट

दौलताबादचा घाट चढून गाडी द्राक्षमळ्याच्या फाटकात शिरली, तेव्हाच तनुजा थकून गेली होती. बँकेतली नोकरी, त्यात झोपायला रविवार हा एकच दिवस, आणि तोही स्थळं बघण्यात जायचा. एरवी पडेगावच्या घरीच पोहे होऊन उरकायचं. या वेळी मध्यस्थ मावशींनी निरोप दिला होता, "मुलाकडचे लई मॉडर्न आहेत. वाइनच्या मळ्यावर भेटू म्हणतात."

तनुजाचे वडील बद्रीनाथ प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी. दारूला त्यांनी कधी हात लावला नव्हता. तरी म्हणाले, "जाऊ की. तुझ्या आईला वचन दिलंय मी, तुझं लग्न मार्गी लावीन म्हणून."

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तनुजा यायला तयार झाली. पण तिनं मनाशी ठरवलं होतं, हे शेवटचं. पुन्हा कुणासमोर नसलेलं हसू आणून बसायचं नाही.

गाडी मुलाचीच होती. विश्वजीत चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. बरोबर फक्त त्याची आई, सुलेखाबाई. वाटेत चौघंही हवेबद्दल बोलले, मग रस्त्याबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल.

मळा दाखवायला निशा नावाची मुलगी होती. फेब्रुवारीचं ऊन डोक्यावर आलेलं. वेलींच्या रांगांमधून ती पुढं चालत होती आणि मागून गुडघा धरत सुलेखाबाई.

"ही द्राक्षं लहान का गं?" बद्रीनाथांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"वाइनची अशीच असतात, काका. साल जाड, बी मोठी. खायची वेगळी."

"बघा, हे आपल्याला ठाऊकच नव्हतं," ते सुलेखाबाईंना म्हणाले. त्या हसल्या. ते हसू तनुजानं ओळखलं. सकाळपासून तिच्याही तोंडावर तेच होतं.

शेवटी सावलीतल्या एका लांब टेबलाशी सगळी बसली. निशानं प्रत्येकापुढं ग्लास मांडले आणि तळाशी थोडी थोडी वाइन ओतली. "ग्लास खाली दांडीला धरा. फिरवा. आधी वास, मग छोटा घोट."

विश्वजीतनं घोट घेतला. तनुजानं ओठ लावून ग्लास खाली ठेवला. सुलेखाबाई नुसताच ग्लास फिरवत राहिल्या. बद्रीनाथांनी मात्र डोळे मिटले आणि काढा प्यावा तशी सगळी एकदम गिळली. त्यांना ठसका लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "छान आहे. लई छान."

निशानं दुसरी बाटली उचलली. बद्रीनाथांनी ग्लास पुढं केला.

"बाबा, ठेवा तो."

"अगं, असू दे..."

"ठेवा म्हणते ना." तनुजा सुलेखाबाईंकडं वळली. "आमच्यात कुणी घेत नाही, काकू. तुम्ही मॉडर्न आहात असं सांगितलं म्हणून बाबा पितायत. मला नाय बघवत. जमत नसेल तर नको, पण हे सोंग पुरे."

सुलेखाबाईंनी ग्लास दूर सारला.

"अगं माझे बाई! आम्हाला तर सांगितलं, मुलगीच मॉडर्न आहे! माझा आज उपास आहे. सकाळपासून पोटात पाणी आहे नुसतं."

"मग मघापासून ग्लास फिरवत काय होतात?" तनुजानं विचारलं.

"वास उडून जाईल म्हणून!"

बद्रीनाथांना हसू फुटलं, पुन्हा ठसका लागला. निशा चहा सांगायला गेली. सुलेखाबाईंनी पाय लांब केले आणि मोठा श्वास सोडला. "चला, सुटलो. आपल्यासारखीच माणसं निघाली."

"मला आवडली," विश्वजीत म्हणाला.

"काय आवडली?"

"वाइन. मी घेतो, आई. कधीतरी, मित्रांबरोबर. मावशींना ही जागा मीच सुचवली होती. सगळेच खरं बोलतायत, तर मी एकट्यानं कशाला लपवू?"

सुलेखाबाईंचा चेहरा उतरला. "घरी चल. मग बघते तुला."

"बघ. पण आता ठाऊक असू दे."

त्यानं मान खाली घातली नाही की वादही वाढवला नाही. तनुजा त्याच्याकडं बघत राहिली. आईसमोर, गुरुजींसमोर, जुळत आलेलं स्थळ मोडेल हे दिसत असताना तो बोलला होता.

चहा झाल्यावर सगळी गाडीपाशी आली. विश्वजीतनं किल्ली तनुजापुढं धरली. "मी प्यालोय, घाटातून नाही चालवणार. तुम्हाला येते?"

"येते."

सुलेखाबाई मागं बद्रीनाथांशेजारी बसल्या. घाट उतरताना दोघांनाही डुलकी लागली. पायथ्याशी आल्यावर विश्वजीत हळूच म्हणाला, "मावशींना काय कळवू?"

"आज काही विचारू नका. लई थकलेय." तनुजानं गिअर बदलला. "मावशींना मधे घालूच नका. परवा तुम्हीच फोन करा. दारूवरनं भांडायचंय मला तुमच्याशी."

"करतो," तो म्हणाला.