लंडन ते हॅम्बुर्ग, अडीच तास

“हॅम्बुर्ग लंडनपासून किती लांब रे, श्यामकांत?”

शेजारच्या रुक्मिणीकाकू दारात उभ्या होत्या. हातात दोन तारा. पहिली हॅम्बुर्गच्या इस्पितळाची: त्यांच्या मुलाला, नंदकुमारला न्यूमोनिया, प्रकृती गंभीर. दुसरी मृणालिनीची. ती लंडनला नर्सिंग शिकत होती. भावाकडे जायला आज रात्रीच्या बोटीनं निघते, असं तिनं कळवलं होतं.

“साडेचारशे मैल,” मी वेळापत्रकाचं पुस्तक न उघडता सांगितलं. सांताक्रूझला विमान कंपनीत आठ वर्षं कारकुनी केलेली. अंधेरीतली आमची चाळ मला ‘टाइमटेबल’ म्हणायची, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? “बोट नि आगगाडी म्हणजे उद्याची संध्याकाळ होईल. विमानानं अडीच तास!”

“अगोबाई! पुण्याला जायला जास्त लागतात की रे.”

“मग? उद्या दुपारच्या आत नंदूच्या उशाशी असेल ती.”

“तिच्या ट्रंकेत गंगेचा गडू दिलाय मी. लागू नये रे देवा, पण आपलं माणूस हवं ना जवळ! परक्या मुलखात पोर एकटं पडलंय.” विधवा बाई, या दोन मुलांपलीकडे कुणी नाही.

मी साहेबांच्या मिनतवाऱ्या करून सकाळच्या विमानात जागा मिळवली. लंडनला तार ठोकली: बोट नको, विमानानं जा. काय ऐट होती माझी!

शनिवारी लंडनचा निरोप आला. दाट धुकं, विमानं बंद.

“धुकंच ना? ऊन पडलं की जाईल,” काकू मलाच धीर देत होत्या.

गेलं नाही. आता सुटेल, मग सुटेल करत मृणालिनी विमानतळावर बसून राहिली, आणि मी गाढव इथून ‘धीर धर’ कळवत राहिलो. रविवारी दुपारी इस्पितळाची तार आली. नंदू गेला होता.

बोटीनं ती शनिवारी संध्याकाळीच पोचली असती. चाळीत हे कुणी माझ्या तोंडावर बोललं नाही.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. सोमवारी संध्याकाळी ताट पाठवायची पाळी आमची होती. पद्मजानं पिठलंभात वाढून माझ्यापुढे ठेवला.

“तू जा गं. कुठल्या तोंडानं जाऊ मी?”

“तुम्हीच जा,” बायको म्हणाली.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“धुकं निवळलं, काकू. आज पोचली ती.”

“बरं झालं. तिला कळव, परतताना बोटीनं जा म्हणावं. आता घाई कसली?”

“काकू, माझ्यामुळे…”

“पाणी दे रे आधी,” काकू म्हणाल्या. मी माठातलं पाणी दिलं. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि मी आणलेला भात कालवायला घेतला.