प्लास्टरवरच्या रेघा

१९६९ साली चिमटी जिन्यावरून पडली, पाय मोडून घेतला आणि खिडकीजवळच्या पलंगावर अडकली. भिंतीपलीकडे वहिनीची खोली. दादा फिरतीवर, आणि वहिनीचं दीड महिन्याचं बाळ उठल्यासुटल्या भोकाड पसरायचं.

आईचं समोरच बटणांचं दुकान होतं. बटण असो की सून, मापात बसली नाही की तिच्या कपाळाला आठी. "हिला मूल सांभाळता येत नाही," तिने जाहीर केलं. "शनिवारपर्यंत रडं कमी झालं नाही, तर बाळ सहा महिने मावशीकडे!"

वहिनीने नुसतं बाळाचं दुपटं सारखं केलं. हल्ली ती बोलतच नसे.

"तू रिकामीच आहेस. मोज," आईने चिमटीला फर्मावलं. वही हाताशी नव्हती. चिमटीने पेन्सिलीने पायाच्या प्लास्टरवरच रेघा ओढल्या. दर रडण्याला एक रेघ, शेजारी वेळ.

बुधवारी दुपारी तीनला पलीकडून हुंदके आले. रेघ ओढता ओढता तिने खिडकीबाहेर पाहिलं, तर दुकानात आईच्या मांडीवर बाळ डाराडूर!

आईला सांगावं, तर "नाटकं!" म्हणून मोकळी होईल. चिमटी गालातल्या गालात हसली आणि तिने रेघ जरा ठळक केली. पुढचे हुंदकेही ती तशीच मोजत गेली.

शुक्रवारी नर्सबाई बाळाचं वजन करायला आल्या. आईने चिमटीची चादर फर्रकन ओढली. "मोजा! एकेचाळीस!"

"आई, पाय आहे तो, फळा नाही."

नर्सबाईंनी चष्मा लावला. "निम्म्या तर दुपारी दोन ते चारमधल्या आहेत."

"छे! तेव्हा ते माझ्याकडे असतं. हूं नाही की चूं नाही. माझ्या हाताला गुणच आहे!"

"एकदाही रडलं नाही?" चिमटीने भाबडा चेहरा केला.

"शपथेवर सांगते!"

"मग एवढं रडलं कोण?"

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं.

नर्सबाई बराच वेळ वहिनीपाशी बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "बाळंतपणानंतर मन खचतं, हा आजारच आहे. डॉक्टर औषध देतील. ती खचते म्हणून बाळ रडतं, बाळ रडतं म्हणून ती आणखी खचते. बाळ दूर नेलंत तर पार बुडेल. तुमच्या हाताला गुण आहे ना? मग सकाळीही बाळ तुम्हीच घ्या, हिला झोपू द्या."

आपल्याच तोंडाने पकडली गेलेली आई शनिवारी सकाळीच बाळ घेऊन दुकानात गेली. मावशीचं नाव पुन्हा निघालं नाही.

वहिनी सावरायला सहा महिने लागले. पुढे दुकान तिनेच चालवलं. नर्सबाईंची बदली झाली. बाळ वकील झालं, भांडायची सवय होतीच. चिमटी गणित शिकवून निवृत्त झाली. आणि आई ऐंशीव्या वर्षी गेली. सुनेचं दुखणं सगळ्यात आधी आपणच ओळखलं, असं शेवटपर्यंत गिऱ्हाइकांना सांगत होती.