खाली बसवलेली गाडी

इशिताने हौसेने आपली जुनी गाडी रेसच्या गाडीसारखी जमिनीलगत खाली बसवून घेतली, तेव्हापासून तिचे वडील पंढरीनाथ त्या गाडीत बसेनासे झाले. ते राहायचे त्या सिल्व्हर पार्कमधल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर त्यांच्या कमरेत सणक जायची.

"तू हो पुढे, मी रिक्षाने येतोय," ते म्हणायचे. बेव्हर्ली पार्कला सुलूआत्याकडे जेवायला निघाले तरी बापलेकी वेगवेगळे पोहोचायचे. इशिताला वाईट वाटायचं, पण गाडी परत उंच करायला मन होईना.

शेवटी ती काशीमीऱ्याला ममताच्या गॅरेजमध्ये गेली. ममताने बॉनेट उघडून शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक दाखवलं.

"ताई, शॉकॲब्सॉर्बर गाडीला जिथे जोडतात, तिथे हे रेसिंगवाले लोखंडी माउंट आहेत. मध्ये रबर नाही, म्हणून खड्ड्याचा दणका थेट सीटपर्यंत येतोय. जाड रबराचे लावू. उंची आहे तेवढीच ठेवते."

नवे माउंट बसल्यावर रविवारी इशिताने आर्जवं करून वडिलांना शेजारी बसवलं. पहिला स्पीडब्रेकर दिसताच त्यांनी दारावरचं हँडल घट्ट धरलं. गाडी जराशी डुलली आणि अलगद खाली उतरली. पंढरीनाथांनी लेकीकडे पाहिलं. पुढच्या स्पीडब्रेकरला त्यांनी हँडल धरलंच नाही, आणि बेव्हर्ली पार्क येईपर्यंत ते मान टाकून घोरायला लागले होते.

गॅलरीतून सुलूआत्या हाक मारणार, तेवढ्यात इशिताने ओठांवर बोट ठेवलं आणि हसत हसत गाडी आणखी एका चकरेसाठी वळवली.