नव्या आवृत्तीची घाई

नशराने सकाळी बातमी सांगितली तेव्हा जुल्फिकारशेठ बशीत चहा ओतत होते. महाडच्या त्यांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातले कॉम्प्युटर ती सांभाळते. शेठ तिचे सख्खे मामा. मी तिथे बिल्ट्या, म्हणजे मालाबरोबर ट्रकमधून जाणाऱ्या पावत्या, तपासतो.

"मामू, आपल्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये फट सापडलीय. बाहेरचा कुणीही आत शिरेल. आत्ताच नवी आवृत्ती टाकायला हवी."

"मागच्या खेपेला टाकलीस तेव्हा बिल्टीवर मराठीच्या जागी नुसत्या चौकटी! आंबेनळी घाटात ड्रायव्हरनं पोलिसाला काय दाखवायचं, लुडोचा पट?"

मागच्या खेपेलाच शेठनी नशराला बजावलं होतं : पुन्हा बिल्टी अडली तर मशीन भंगारात आणि तू मुंबईला, नोकरीला. तिला महाड सोडायचं नव्हतं.

"सॉफ्टवेअरची कंपनी जुन्याच आवृत्तीला ठिगळही देणार आहे, तेवढी फट बुजवणारं. पण उद्या."

"मग उद्याच लाव."

"आणि आज कुणी शिरलं तर?"

शेठ उठले, सर्व्हरमागची इंटरनेटची वायर उपटली आणि खिशात घातली. "आता शिरू दे कोण शिरतो ते!"

लगेच पोलादपूरच्या शाखेतून ओंकारचा फोन. "शेठ, हितं कायच उघडत नाय! कापडे गावचा तांदूळ भरून गाडी उभी हाय!"

"हातानं लिही बिल्टी."

"माझं अक्षर मलाच वाचता येत नाय!"

"अरविंदकाका, तुम्हीच सांगा," नशरा म्हणाली. शेठही माझ्याकडे बघायला लागले. मला दोन सदऱ्यांतला एक निवडता येत नाही. तरी तोंडून निघालंच, "पुस्तक छापण्याआधी प्रूफ काढतात. तसं काही... चुकत असेन मी."

"सर्व्हरची नक्कल करून त्यावर बघता येईल. पण दुसरं मशीन कुठंय?"

मी पिशवीतून माझा लॅपटॉप काढला. त्यावर मी फक्त पुस्तकं वाचतो.

तिने सगळ्याची नक्कल त्यावर घेतली, नवी आवृत्ती टाकली आणि बिल्टी छापली. अक्षरं सुरेख आली होती. शेठनी लांबूनच पाहून मान डोलावली. "आली की मराठी! टाक मग."

मी सवयीने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "वजनाचा रकाना रिकामा दिसतोय," मी हळूच नशराला म्हणालो. "की माझाच चष्मा..."

तिने कागद पाहिला आणि सरळ मामांसमोर धरला. "मामू, नवी आज नको. वजनच छापत नाही. मीच घाई करत होते. पण उघडंही ठेवायचं नाही. बाहेरच्या सगळ्यांना बंद करते, फक्त पोलादपूरची शाखा चालू ठेवते. उद्या ठिगळ आलं की आधी नकलेवर, मग सर्व्हरवर."

"फक्त पोलादपूर? हे जमतं?"

"जमतं."

"मग सकाळी का नाय बोललीस?"

"बोलू कुठं दिलंत? तुम्ही वायरच घेऊन बसलात."

शेठनी निमूटपणे वायर परत दिली. थोड्याच वेळात ओंकारची गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी ठिगळ आलं. नकलेवर लावल्यावर बिल्टी नीट छापून आली, मग सर्व्हरवरही. शेठनी ती वजनासकट मोठ्याने वाचली आणि बहिणीला फोन लावला.

"नुरजहाँ, पोरीचं मुंबईचं रद्द. ती इथंच राहील... छे, मी कुठं रागावलो होतो?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत होतं.

"बरं," शेठ म्हणाले, "रागावलो होतो."