सोड्याचं पाणी

थोरल्या जावेच्या लेकीचं डॉक्टराशी लग्न झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. पंगतीत कुणीतरी म्हणालं, "आता अवघड जागेचं दुखणं अन् जावई डॉक्टर!" सगळे खो खो हसले. थोरलीही हसली, पण जरा उशिरा.

दोघी जावा लॉन्ड्रीत कामाला. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या. थोरलीचा मंत्र एकच : डाग हटत नसेल तर सोडा वाढव.

धाकटीला खाली, मायांगात खाज सुटली. इस्त्रीच्या टेबलापाशी पाय आवळून उभं राहायची पाळी आली. दह्यासारखं पांढरंही जाऊ लागलं. तिनं थोरलीच्या कानाशी लागून सांगितलं.

"एवढंच ना? कोमट पाण्यात सोडा टाक, कपड्याचा साबण लाव, रगडून धू. मी कित्येक वर्षं तेच करते."

धाकटीनं ऐकलं आणि आगीतून फुफाट्यात पडली. लघवीला बसली की डोळ्यांतून पाणी. शेवटी, जावई परगावी गेलेला पाहून, ती त्याच्या दवाखान्यात गेली. त्याच्या जागी एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासलं आणि बघतच राहिल्या.

"काय लावलंत हो इथं?"

"सोडा. साबण."

"अहो, ही कातडी आहे, चादर नव्हे! मुळात बुरशी होती, ती औषधानं जाईल. ही आग मात्र तुम्ही ओढवून घेतलीत. आत काही घालायचं नाही. बाहेरून नुसतं साधं पाणी. सुती कपडे घाला, ओले झाले की बदला. साखरही तपासून घ्या. परत खाज आली तर मनानं मलम चोपडू नका, इकडे या. हे शिकवलं कुणी?"

"जाऊबाईंनी. त्यांना फार वर्षांपासून खाज आहे."

बाईंचा चेहरा उतरला. "त्यांना उद्याच आणा."

थोरली उसळली. "जावयाच्या दवाखान्यात? विहीण गावभर करील! खाजेनं कुणी मरत नाही."

धाकटीला औषधानं आराम पडला. थोरली काही केल्या हलेना. मग एकदा पिळे वाळत घालताना धाकटीला थोरलीच्या आतल्या कपड्यावर फिकट डाग दिसला. धुणारीच्या नजरेतून रक्त सुटतं होय? थोरलीची पाळी तर केव्हाच गेलेली.

"दाखवा," धाकटी म्हणाली आणि न्हाणीचं दार लावून घेतलं.

थोरलीनं दाखवलं. कातडी कागदासारखी पांढरी पडलेली आणि मधोमध उघडी जखम. हे घेऊन ही बाई रोज शेजारी उभी राहून चादरी झटकत होती!

"चट्टा जुनाच आहे गं," थोरली पुटपुटली. "जखम अलीकडची. सोडा लावते ना मी."

धाकटीनं तिला ओल्या हातानंच ओढत नेलं. बाईंनी तपासलं, तुकडा काढून पाठवला. कॅन्सर निघाला, पसरलेला. खाज कधीची सांगत होती. थोरलीनं त्या खाजेचं तोंड सोड्यानं बंद केलं होतं.

जावई भिंतीला टेकून उभा राहिला. "आई, इतक्यांदा घरी आलो. एकदा तरी बोलायचं हो."

"तुमच्यापाशी कसं बोलू?" थोरली म्हणाली.

पुढच्या वर्षी, नातू रांगायला लागला त्या महिन्यात, थोरली वारली.